शैवाक आणि दुर्गंधी छत्रक

शैवाक आणि दुर्गंधी छत्रक ही कवकांचीच दोन रूपे असली, तरी त्यांचे नाते दूरचे आहे. विदर्भातील घरांत शैवाक ओळखले जाते ते दगडफूल म्हणून. सावजी रश्श्याच्या मसाल्यात ते हमखास पडते.

शैवाक हा एकच जीव नसून कवक आणि त्याच्या तंतूंमध्ये वसलेले शैवल किंवा सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे जीवाणू) यांचे सहजीवन आहे, हे सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात मांडले, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी ते धुडकावून लावले होते. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि कवक त्याला आसरा देते. म्हणूनच मेळघाटातील उघड्या काळ्या पाषाणावर, जिथे दुसरे काही रुजत नाही, तिथेही शैवाक तग धरते. उन्हाळ्यात ते बोटांनी चुरडावे इतके वाळते आणि पहिल्या सरीनंतर थोड्याच वेळात हिरवट, मऊ होते. त्याची वाढ मात्र बहुधा वर्षाला काही मिलिमीटर एवढीच असते.

दुर्गंधी छत्रक कुजक्या लाकडावर व पालापाचोळ्यावर जगते. उष्ण प्रदेशातील जाळीदार झालर असलेली जात बांबूच्या बनातही उगवते. सुरुवातीला जमिनीत अर्धवट रुतलेले पांढरट अंडे दिसते. ते उभे कापले, तर सालीखाली बुळबुळीत थर आणि त्याच्या आत दाबून बसवलेला सच्छिद्र देठ आढळतो. अंडे फुटताच हा देठ काही तासांत ताठ उभा राहतो आणि त्याच्या टोकावरील काळपट-हिरव्या चिकट लगद्याला कुजक्या मांसासारखी घाण येते. त्या वासाने आलेल्या माशा लगदा खातात आणि त्यातील बीजाणू दूरवर नेतात. बहुतेक शैवाकांचे प्रसाराचे काम मात्र वारा, पाऊस आणि सुटे होणारे बारीक कण यांवर भागते.

या दोहोंच्या वाढीच्या वेगाची तुलना करावीशी वाटते, पण ती तितकीशी न्याय्य नाही. दगडावर दिसते ते शैवाकाचे सगळे शरीर असते, तर छत्रकाचे दिसते ते केवळ फळ. त्याचे खरे शरीर म्हणजे मातीत व लाकडात पसरलेले तंतुजाल असून, एक-दोन दिवसांत देठ कोलमडल्यावरही ते जिवंत राहते. वर्गीकरणातही बहुतेक शैवाकांतील कवक धानीकवकांत (पिशवीसारख्या पेशीत बीजाणू तयार करणाऱ्या कवकांत) मोडते, तर छत्रक गदाकवकांत (गदेसारख्या पेशीवर बीजाणू धरणाऱ्या कवकांत), म्हणजे सात्यांच्या (खाण्याच्या रानअळंबींच्या) विभागात येते. विदर्भात सात्या चवीने खाल्ल्या जातात. झालरवाले छत्रक चीनमध्ये मुद्दाम पिकवून, वाळवून सूपमध्ये घालतात.