टायमिंग बेल्ट बदलल्यावर येणारं मिसिंग

टायमिंग बेल्ट नवीन टाकून गाडी घरी आणली आणि सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिन थरथरायला लागलं, आयडलिंग वर-खाली, पिकअप गेलेला, तर पुण्याच्या गॅरेजात याला 'मिसिंग' म्हणतात आणि फिटर लगेच सांगतो की टायमिंग दातभर सरकलंय. बऱ्याचदा ते खरं असतं, पण दरवेळी नाही.

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) आणि कॅम (वाल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा दातेरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, म्हणून कॅमच्या पुलीला दुप्पट दात. क्रँक पुलीला २० दात धरले तर एक दात चुकला म्हणजे क्रँकचे तब्बल १८ अंश चुकले, मग वाल्व्ह भलत्या वेळी उघडतात. जुनी मारुती ८००, इंडिका डिझेल, चाकणला बनलेली पोलोची १.५ डिझेल ही सगळी बेल्टवाली इंजिनं. फियाटचं १.३ मल्टिजेट चेनवर चालतं, ते इथे येत नाही.

बेल्टच्या कामाआधी गाडी नीट होती ना, मग प्लग-इंजेक्टरवर पैसे घालायच्या आधी कामात जिथे जिथे हात लागला ते बघा: व्हॅक्यूमचा पाइप निसटलाय का, कॉइलचा कनेक्टर अर्धवट बसलाय का, क्रँक सेन्सरची वायर पुलीला घासतीये का. स्कॅनरवर पी००१६ हा फॉल्ट कोड आला तर क्रँक आणि कॅम एकमेकांशी जुळत नाहीयेत असा अर्थ, पण तेवढ्यावरून बेल्टच चुकलाय असं धरू नका, सेन्सर किंवा वायरिंगमुळेही तो येतो.

खरी तपासणी हाताने होते. प्लग काढायचे, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायचे आणि पुल्यांवरच्या टायमिंगच्या खुणा परत जुळतात का बघायचं. मधेच अडलं तर जोर अजिबात लावू नका, वाल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो, आणि ही खात्री होईपर्यंत स्टार्टर मारायचाच नाही. खूण बाहेरच्या पुलीवर बघू नका, तिचा रबर सरकला की ती खोटं दाखवते, आतल्या दातेरी पुलीवरची बघा आणि तिची चावी (पुली क्रँकवर घट्ट धरणारी लोखंडी पट्टी) कापली गेली नाही ना तेही. ज्या इंजिनांना खुणा नसतात तिथे क्रँक-कॅम जागेवर अडकवून धरणारी लॉकिंग पिनच लागते, अंदाजाने बसवणं म्हणजे इंजिनाशी जुगार.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. सगळ्या सिलिंडरचं सारखंच कमी आलं तर टायमिंग, एकाचंच पडलं तर तिथला वाल्व्ह वाकलाय का ते बघायचं. पेट्रोल इंजिनाला व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते दाखवणारा) लावला तर समुद्रसपाटीला आयडलवर साधारण १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतो, पण पुणं साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे तोच काटा दीड-दोन इंच कमी दाखवणार, तेवढ्यासाठी चांगलं इंजिन खोलू नका.

डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) कॅमवरून फिरतो अशा जुन्या गाड्यांत एक फसवणूक होते, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला की स्पार्क जुळतो आणि आयडलिंग सुधारतं, वाल्व्ह मात्र चुकीचेच राहतात आणि कात्रजचा घाट लागला की गाडी ओढत नाही. ज्या डिझेलमध्ये इंधनाचा पंपही त्याच बेल्टवर असतो तिथे नुसता पंपाचा दात चुकला तर कॉम्प्रेशन अगदी बरोबर येतं, पण सकाळी पांढरा धूर, खडखड आणि स्टार्टिंगला त्रास.

आणि खुणा खरंच चुकलेल्या निघाल्या तर मालकाला हे नक्की विचारा की मिसिंग कधीपासून आहे. पहिल्या स्टार्टपासून असेल तर बेल्ट बसवतानाच चुकलाय, पण चार-आठ दिवस गाडी छान चालून मग सुरू झालं असेल तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिला पडून बेल्ट एक दात सरकलाय, तिथे नुसत्या खुणा जुळवून गाडी दिली तर ती परत येणार.