पीटी-७६ : तरंगणाऱ्या रणगाड्याची गोष्ट

डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी २०२४ मध्ये हजिरा इथे 'झोरावर' हा हलका रणगाडा लोकांसमोर आणला. वजन सुमारे २५ टन, तोफ १०५ मिमीची, शिवाय पाण्यातही चालणारा. पण आपल्या लष्कराला पोहणारा रणगाडा नवा नाही. १९७१ च्या युद्धाची पहिली मोठी चकमक अशाच रणगाड्यांनी जिंकली होती.

तो होता सोव्हिएत बनावटीचा पीटी-७६. 'पीटी' म्हणजे 'प्लावायुश्ची टांक', तरंगणारा रणगाडा. या 'प्लाव'चं आणि आपल्या 'प्लवन'चं मूळ एकच. सोव्हिएत लष्कराने १९३० च्या दशकात ब्रिटिश व्हिकर्स कंपनीचा नमुना विकत घेऊन टी-३७ए बनवला होता, पण त्यावर नुसती मशीनगन होती. मोठमोठ्या नद्या ओलांडत युद्ध लढलेल्या त्या देशाला पाण्यात जाणारा आणि तोफ डागणारा रणगाडा हवा होता. १९५२ मध्ये पीटी-७६ सैन्यात दाखल झाला आणि स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं.

पाण्याचं गणित सरळ आहे. १४ टनांचं लोखंड तरंगवायचं तर १४ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणून पीटी-७६ चं धड त्या काळच्या ३६ टनी टी-५४ पेक्षाही लांब, पण आतून पोकळ आणि पत्रा पातळ. धडाचं चिलखत बहुतेक ठिकाणी १५ मिमीच्या आतच. जड मशीनगनच्या गोळीचीही धास्ती बाळगावी लागे. त्याच्या पुढच्या साऱ्या यशापयशाचं मूळ मला या एका सौद्यात दिसतं.

पाण्यात उतरण्यापूर्वी चालक पुढची फळी उभी करायचा, म्हणजे लाट अंगावर येत नसे, आणि आत शिरलेलं पाणी उपसणारे पंप सुरू करायचा. मागच्या दोन तोंडांतून पाण्याचे झोत सुटत आणि रणगाडा ताशी १० किमीने पुढे सरके. ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूच्या झोतावर झाकण पाडायचं, की झालं.

व्हिएतनाममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये उत्तर व्हिएतनामी सैन्याने लांग व्हेईचा अमेरिकी तळ याच रणगाड्यांनी जिंकला. पुढच्या वर्षी बेन हेटला मात्र समोर अमेरिकेचे जड एम-४८ पॅटन रणगाडे उभे होते आणि पातळ पत्र्याची किंमत मोजावी लागली.

भारतीय जवानांनी त्याला 'पिप्पा' म्हटलं, तुपाचा रिकामा डबा, तरंगणारा म्हणून. मराठी माणसाला लगेच पिंप आठवेल.

२१ नोव्हेंबर १९७१. युद्धाची औपचारिक घोषणा व्हायची होती. बोयराजवळच्या, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरमध्ये '१४ पंजाब' ही पायदळाची बटालियन आणि '४५ कॅव्हलरी' या रणगाडा रेजिमेंटचे १४ पीटी-७६ मोर्चा धरून होते. पहाटेच्या दाट धुक्यातून पाकिस्तानचे एम-२४ चॅफी रणगाडे चालून आले. चॅफीही हलकेच, तोफ ७५ मिमीची. अशा बरोबरीच्या लढतीत जागा धरून थांबलेल्याचं पारडं जड होतं. पाकिस्तानची रणगाडा स्क्वॉड्रन, म्हणजे रणगाड्यांची तुकडी, जवळपास संपली. भारताचे मोजकेच रणगाडे गेले. भारतीय स्क्वॉड्रनचे मेजर दलजित सिंग नारग टरेटमधून, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या बुरुजातून, वर उभे राहून लढाई चालवत होते. मशीनगनच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. धुक्यात नीट दिसावं म्हणून चिलखताबाहेर डोकं काढणाऱ्या अधिकाऱ्याचं धैर्य आठवलं, की आजही मन भरून येतं.

याच युद्धात मेघना नदीने पीटी-७६ ची दुसरी मर्यादा दाखवली. पात्र इतकं रुंद, की पोहता पोहता इंजिनं तापू लागली. तेव्हा गावकऱ्यांच्या होड्या मदतीला आल्या आणि रणगाडे ओढत पलीकडे नेले गेले. बांगलादेशच्या मुक्तीत त्या नावाड्यांचा वाटा आपण विसरता कामा नये.

पुढे पीटी-७६ निवृत्त झाला आणि ती जागा रिकामीच राहिली. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये चीनशी तणाव वाढला, तेव्हा ४० टनांहून जड टी-७२ आणि टी-९० त्या उंचीवर चढवावे लागले. समोर चीनचे हलके टाइप-१५ होते. झोरावरची मागणी तिथून आली.