जुन्या मोटारीची विक्री : एक्स्चेंज आणि थेट विक्री

वापरलेली खासगी मोटार विकण्याच्या भारतात दोन मुख्य पद्धती आहेत. नवी गाडी घेताना जुनी गाडी त्याच शोरूमला देऊन तिची किंमत नव्या गाडीच्या रकमेतून वळती करून घेतात, त्याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत मालक स्वतः गिऱ्हाईक शोधतो आणि गाडी थेट त्याच्या नावावर करून देतो. या दोहोंच्या मध्ये जुन्या गाड्यांचे व्यापारी, दलाल आणि घरी येऊन गाडी तपासून नेणाऱ्या ऑनलाइन कंपन्या असा मोठा बाजार आहे. मारुती कंपनीने २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केल्यापासून या व्यवसायात उत्पादक कंपन्याही उतरल्या. त्याआधी हा धंदा जवळजवळ पूर्णपणे गॅरेजवाले आणि दलाल यांच्या ओळखीपाळखीवर चालत असे.

एक्स्चेंजमध्ये पैसे कमी आणि बाहेर जास्त, हा सर्वसाधारण समज बरोबर आहे. मात्र विकणाऱ्याला पुढे मनस्ताप होतो तो दहा-वीस हजार कमी मिळाल्यामुळे क्वचितच. गाडी जाते, आरसी बुकावर नाव तसेच राहते, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. त्यामुळे दोन्ही पद्धतींची तुलना करताना भावाइतकेच वजन नावाच्या बदलीला द्यावे लागते.

भाव कसा ठरतो

शोरूमचा मूल्यमापक गाडी पाहायला येतो तेव्हा त्याचे लक्ष बाहेरच्या चकाकीकडे फारसे नसते. बॉनेटचे आणि दारांचे बोल्ट कधी खोलले गेले आहेत का, दाराच्या रबराखालचे वेल्डिंग कंपनीचे आहे का, टायरवर कोणत्या वर्षाचा शिक्का आहे, हे तो आधी बघतो. रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावले की कोणत्या भागाचे डेंट-पेंट झाले आहे ते लपत नाही. मीटर मागे फिरवलेले असल्याचा संशय आला तर सर्व्हिस सेंटरच्या नोंदींशी किलोमीटर ताडून पाहिले जातात. त्यानंतर फोटो आणि तपशील जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडे जातात आणि त्यांच्याकडून बोली येते. पुष्कळदा शोरूम ती गाडी स्वतः ठेवतच नाही. आलेल्या बोलीतून आपला वाटा बाजूला काढून उरलेला आकडा मालकाला सांगते.

वर ‘एक्स्चेंज बोनस’ असतो. ही रक्कम साधारणपणे नव्या गाडीच्या कंपनीच्या योजनेतून येते, जुन्या गाडीच्या किमतीशी तिचा संबंध नसतो. जुन्या गाडीचा भाव, बोनस आणि नव्या गाडीवरची सूट हे तिन्ही एका कागदावर एकत्र लिहून दिले की नेमके कुठे काय मिळाले ते कळत नाही. जुन्या गाडीला बाजारापेक्षा चांगला भाव दाखवायचा आणि नव्या गाडीवरची रोख सूट गुपचूप कमी करायची, ही चाल सगळ्या धंद्याला ठाऊक आहे. म्हणून ‘एक्स्चेंज केले नाही तर नवी गाडी केवढ्याला?’ हा प्रश्न आधी विचारावा. काही योजनांमध्ये जुनी गाडी बाहेर विकून नावाच्या बदलीचा पुरावा दाखवला तरी बोनस मिळतो. शोरूमचा विक्रेता हे आपणहून सांगेल, ही अपेक्षा मात्र नको.

थेट विक्रीत गिऱ्हाईक विमा पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पुढे करून घासाघीस करते. हा आकडा ठरावीक घसाऱ्याने काढतात : गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के वजावट, चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के. बाजार इतका सरळ चालत नाही. सर्व्हिस सहज मिळणाऱ्या, मायलेज चांगले देणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीला आयडीव्हीपेक्षा जास्त मिळू शकतात आणि बंद पडलेल्या मॉडेलला बरेच कमी. मुहूर्ताचाही परिणाम होतो. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया जवळ आली की एक्स्चेंजला गाड्यांची रांग लागते. पितृपक्षात बाजार थंड असतो. डिसेंबरात विकायला काढलेली गाडी जानेवारीत एक वर्षाने म्हातारी होते, कारण खरेदीदार उत्पादनाचे वर्ष मोजतो, महिने नाही.

नव्या गाड्यांच्या करातील बदलही जुन्यांच्या भावात उतरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर याऐवजी १८ टक्के झाला. नवीच गाडी स्वस्त झाल्यावर दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाडीला जुना भाव मागणे अवघड झाले.

नावाची बदली

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. महाराष्ट्रात या संचाला आरटीओबाहेरचे एजंट ‘टीटीओ फॉर्म’ म्हणतात. गाडीवर कर्ज असेल तर ते फेडल्याचा नमुना ३५ आणि बँकेची एनओसी आधी लागते. परराज्यात जाणाऱ्या गाडीला नमुना २८ ची एनओसी लागते. ई-चलनाचा थकलेला दंड आधी भरून टाकलेला बरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल, तर महाराष्ट्रात त्यावरूनही काम अडते.

घोटाळा होतो तो कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्यामुळे. व्यापारी नमुना २९ आणि ३० वर सह्या घेतो, घेणाऱ्याचे नाव रिकामे ठेवतो आणि पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी फिरवतो. मधल्या काळात झालेला अपघात, चुकवलेला टोल, सिग्नल तोडल्याचा दंड हे सगळे जुन्या मालकाच्या पत्त्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निकालात हा मुद्दा निःसंदिग्ध केला. त्या प्रकरणात मूळ मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती, ती पुढे आणखी काही हातांतून गेली आणि २००९ मध्ये अपघात झाला. तरीही नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे ठरवून न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, तिच्या तपासातही पोलीस आधी आरसीवरच्या नावापर्यंत गेले आणि तिथून पुढच्या हातांचा माग काढत राहिले.

एक्स्चेंजच्या बाजूने बोलायचे तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले केंद्राचे नियम हा तिचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावे आणि गाडी ताब्यात घेताना नमुना २९सी मध्ये ऑनलाइन कळवावे, अशी ही व्यवस्था आहे. ही सूचना दिल्यावर गाडी पुन्हा विकली जाईपर्यंत व्यापारीच मालक मानला जातो आणि तिच्याशी संबंधित घटनांची जबाबदारी त्याच्याकडे जाते. सगळ्याच व्यापाऱ्यांकडे हे पत्र नसते. ते आहे का आणि २९सी भरणार का, हे गाडी देण्यापूर्वी विचारावे; उत्तर टाळले गेले तर पाच हजार जास्त मिळत असले तरी तिथे गाडी देऊ नये.

थेट विक्रीचा व्यवहार

जाहिरात टाकली की पहिले कित्येक फोन व्यापाऱ्यांचेच येतात. ‘लास्ट किती?’ एवढेच विचारणारा माणूस गाडी स्वतःसाठी घेणारा असण्याची शक्यता कमी. खरे गिऱ्हाईक कुटुंबाला किंवा मेकॅनिकला घेऊन येते. चक्कर मारायला गाडी देताना चालवणाऱ्याचा परवाना पाहून सोबत बसावे. विसार घेतल्यावर रक्कम, उरलेले पैसे देण्याची तारीख आणि व्यवहार मोडल्यास विसाराचे काय, हे लिहून ठेवतात. उरलेली रक्कम बँकेतूनच घ्यावी. आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास मनाई आहे आणि तेवढाच दंड होतो तो घेणाऱ्याला, म्हणजे इथे विकणाऱ्याला.

ताबा देताना तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट करतात. वेळ नोंदवणे ही फालतू बाब वाटते, पण त्याच संध्याकाळचे चलन आले की तिचे मोल कळते. त्यानंतर ‘मी करून घेतो’ या खरेदीदाराच्या शब्दावर न राहता दोघांनी मिळून अर्ज दाखल करावा आणि आरसीवर नवे नाव आलेले ऑनलाइन पाहूनच विषय संपला असे मानावे. फास्टॅग बंद करायला लोक हमखास विसरतात. ओळखीत गाडी विकू नये असे आपल्याकडे म्हणतात, ते बहुतेक याच कारणाने : नात्यातल्या माणसाला ‘नाव कधी बदलतोस?’ असे तिसऱ्यांदा विचारता येत नाही.

विम्याचे दोन भाग वेगळे वागतात. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचाच राहतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचतो आणि कंपनीकडून पत्र घेऊन तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावता येतो. एक्स्चेंजच्या गडबडीत शोरूमने काढलेला नवा विमा न वाचता स्वीकारला की हा बोनस वाया जाऊ शकतो.

कर

जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकलेल्या सर्व जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, तोही फक्त त्याच्या नफ्यावर. साडेतीन लाखांना घेतलेली गाडी चार लाख दहा हजारांना विकली, तर कर साठ हजारांवर, म्हणजे १०,८०० रुपये. आपली गाडी शेजाऱ्याला विकणाऱ्या नोकरदाराला जीएसटी भरावा लागत नाही. त्या वेळी उलट अफवा भरपूर पसरली होती. व्यापारी मात्र हा खर्च बोली लावतानाच धरतो.

एक्स्चेंज केल्याने भारतात नव्या गाडीवरचा कर कमी होत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथला अनुभव सांगितला तर हा फरक लक्षात ठेवावा. न्यू जर्सीत जुनी गाडी डीलरला दिली की तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, त्यामुळे डीलरचा कमी भावही कधी कधी परवडतो. कॅलिफोर्नियात ही सवलत नाही, कर पूर्ण किमतीवर असतो. मात्र तिथे विकणारा गाडी दिल्यापासून पाच दिवसांत मोटार वाहन विभागाला एकट्याने ऑनलाइन कळवू शकतो आणि ही सूचना नोंदवली गेली की त्यानंतरच्या पार्किंग दंडांचे झेंगट त्याच्यामागे राहत नाही.