खोकून हार्ट अटॅक थांबत नाही

‘एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा’ हा मेसेज १९९९ पासून फिरतोय. आधी ईमेलवर, आता नातेवाइकांच्या ग्रुपवर. कृपया पुढे पाठवू नका. १९७६ मध्ये कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याची खोली) ठोके बिघडलेले काही रुग्ण खोकून काही सेकंद शुद्धीवर राहिले, ही नोंद खरी आहे. पण तिथे मॉनिटर आणि डॉक्टर समोर होते. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बहुधा गुठळीने बंद होते. खोकून ती उघडत नाही, वेळ मात्र जातो.

जिना चढताना छाती आवळते, थांबल्यावर बरं वाटतं, तो अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. त्याला ‘गॅस’ म्हणू नका. साधा ईसीजी नॉर्मल असला तरी डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी छाती दुखून घाम फुटला, तर लगेच १०८ लावा.