ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार कारखान्यात कसा पोचला

ब्रिटनमधल्या अनेक कंपन्या आपल्या अप्रेंटिसांना हातातलं काम शिकवतानाच ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कारासाठी, म्हणजे सेवा, कौशल्य, व्यायाम आणि मोहीम यांतून तरुणांना घडवणाऱ्या एका योजनेसाठी, तयार करतात. गॅसजोडणी शिकणारा मुलगा पाठीवर तंबू घेऊन चार दिवस डोंगरात का जातो, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

कुर्त हान हा बर्लिनमध्ये वाढलेला ज्यू शिक्षक. नाझींना उघड विरोध केल्याबद्दल 1933 मध्ये त्याला अटक झाली. सुटल्यावर तो ब्रिटनला आला आणि 1934 मध्ये त्याने स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत फिलिप होता. राणी एलिझाबेथ दुसरीचा हा नवरा पुढे एडिनबराचा ड्यूक झाला आणि पुरस्काराला नाव त्याच्याच पदवीचं मिळालं. शरीर, कौशल्य, मोहीम आणि सेवा यांची सांगड घालणारा ‘मोरे बॅज’ हानने 1936 मध्ये सुरू केला. आजच्या पुरस्काराचा सांगाडा तोच. (पुण्याजवळ मुळशीला 1997 पासून असलेलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजही हानच्याच विचारातून उभ्या राहिलेल्या शाळांच्या साखळीतलं.)

मालकवर्ग या गोष्टीत आला तो महायुद्धात. ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट एका प्रश्नाने अस्वस्थ होते: जहाज बुडाल्यावर होडीत बसलेले तरुण खलाशी मुरलेल्या म्हाताऱ्यांच्या आधी धीर का सोडतात? त्यांच्या पाठबळावर 1941 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला हानने पहिली आउटवर्ड बाउंड शाळा, म्हणजे समुद्र-डोंगरांतल्या खडतर अनुभवातून तरुणांना कणखर बनवणारी शाळा, उघडली. खलाशांबरोबर कारखान्यांतले अप्रेंटिसही तिथे जाऊ लागले. कामाचं तंत्र शिकवणं वेगळं आणि माणूस घडवणं वेगळं, हे एका मालकानेच ओळखलं होतं. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच.

पुरस्कार सुरू झाला 1956 मध्ये. एव्हरेस्टच्या 1953 च्या यशस्वी मोहिमेचे नेते जॉन हंट त्याचे पहिले संचालक. सुरुवातीला तो 15 ते 18 वयाच्या मुलांसाठीच होता, कारण शाळा पंधराव्या वर्षी सुटायची आणि सक्तीची लष्करी सेवा अठराव्या वर्षी सुरू व्हायची. मधली तीन वर्षं बहुतेक पोरं कामावर जात, म्हणून शाळा आणि युवक संघटनांबरोबर कारखानेही या योजनेचं एक दार झाले. 1958 मध्ये मुलींसाठी योजना आली. 1960 नंतर सैन्यात सक्तीची भरती थांबली आणि वयात येणाऱ्या पोरांना शिस्त लावायला लष्कर उरलं नाही. 1964 च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने उद्योगांवर प्रशिक्षणासाठी पट्टी, म्हणजे लेव्ही, बसवली, तेव्हा मालकांना या विषयाकडे गांभीर्याने पाहावंच लागलं.

आज ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तीन पातळ्या आहेत. अप्रेंटिस सहसा थेट गोल्डला हात घालतात. त्यात वर्षभराची समाजसेवा, महिनोन्‌महिने जोपासलेलं कौशल्य आणि व्यायाम, शिवाय चार दिवस-तीन रात्रींची मोहीम असते. चार ते सात जणांची तुकडी आपलं अन्न, तंबू, स्टोव्ह स्वतःच वाहते. पर्यवेक्षक लांबून लक्ष ठेवतो, वाट दाखवत नाही. धुक्यात पायवाट हरवली की नकाशा उघडून ठरवायचं त्यांनीच. वर्कशॉपमध्ये ज्याला सदैव सांगकाम्या म्हणून वागवलं जातं, त्याच्या निर्णयावर इथे सहा जण चालतात.

गोल्डमधला पाच दिवस-चार रात्रींचा निवासी टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो बहुतांशी अनोळखी माणसांसोबतच करावा लागतो, त्यामुळे कंपनीच्या दोस्तांची सहल चालत नाही. समाजसेवाही मालकाच्या नफ्यासाठी केलेली धरत नाहीत. कंपनीने फी भरावी, रजा द्यावी. पण भाग घेणं ऐच्छिक आणि कुणाशी स्पर्धा नाही, ही पुरस्काराची मूळ अट आहे. जिथे साहेब नावं परस्पर लिहून टाकतो, तिथे त्याचा प्राणच जातो.

2017 मध्ये 30 लाख पौंडांहून मोठ्या वेतनखर्चावर अर्धा टक्का अप्रेंटिस लेव्ही लागू झाली. तो निधी ठरलेल्या प्रशिक्षणावर आणि मूल्यमापनावरच खर्च करता येत असल्याने डोंगरातल्या दिवसांचा भार कंपनीच्या खिशावरच राहिला. शिवाय पंचविसाव्या वाढदिवसाआधी पुरस्कार पुरा करावा लागतो, आणि इंग्लंडमध्ये नव्याने दाखल होणारे जवळपास निम्मे अप्रेंटिस आता पंचविशीच्या पुढचे असतात.