ऑनलाइन ‘सरकार’ची संस्था नोंदवताना : घटना एक नव्हे, दोन लिहा

माझं दुकान बेळगावात, टायपिंग आणि झेरॉक्सचं. अलीकडे माझ्याकडे मुलांचे असे गट येतात, जे फोनवर लुटुपुटूचं सरकार चालवतात. निवडणूक होते, मंत्रिमंडळ बसतं, विरोधक सभात्याग करतात, सगळं मेसेजवर. 2012 पासून सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, गावाच्या वेशीवर आहे, हिवाळ्यात अधिवेशन इथंच भरतं. पोरांना हे वेड लागलं तर नवल नाही. मग वर्गणी जमते, बक्षिसं ठरतात, पैसे कुणाच्या तरी मामाच्या खात्यावर पडून राहतात आणि घरचे म्हणतात, रीतसर संस्था करा की. इथून अर्ज परत यायला लागतात.

बहुतेकांची चूक एकच. खेळासाठी मेहनतीनं लिहिलेली घटनाच ते संस्थेची घटना म्हणून जोडतात. परवा एक गट चाळीस पानं घेऊन आला. पहिलंच कलम : ‘आमचे राज्य सार्वभौम राहील.’ पुढं राष्ट्रपतींचे आणीबाणीचे अधिकार, दोन सभागृहं, उच्च न्यायालयसुद्धा. पण वार्षिक सभा कधी, हिशेब कोण तपासणार, बँकेत सह्या कुणाच्या, संस्था बंद पडली तर शिल्लक कुठं जाणार, ह्यातलं एक अक्षर नाही. कार्यकारिणीच्या यादीत ‘व्यवसाय’ ह्या रकान्यात एकानं ‘गृहमंत्री’ लिहिलं होतं. पोरगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथं ‘विद्यार्थी’ लिहायचं.

म्हणून कागद दोन करा. संस्थेची घटना म्हणजे तिचे पोटनियम. ते सात-आठ पानांत आटपतात आणि निबंधकांकडे, म्हणजे संस्था नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जातात. खेळाची घटना तुमच्याजवळच राहते. दोन्हींना जोडणारं एक वाक्य पोटनियमांत घाला : संस्था अभिरूप (लुटुपुटूच्या) शासनाचा उपक्रम चालवेल, त्याचे नियम कार्यकारिणी स्वतंत्रपणे मंजूर करेल, आणि दोहोंत विसंगती आली तर पोटनियम ग्राह्य धरले जातील. हे वाक्य नसेल तर विधानसभेच्या जागा वाढवायच्या म्हटल्या तरी दुरुस्तीचे कागद घेऊन कार्यालयात जाणं आलं.

आता कायदा कुठला ते. नेटवर मराठीत शोधलं की महाराष्ट्राची माहिती पुढं येते : धर्मादाय आयुक्त, 1860 चा कायदा, 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. ते नमुने भरून लोक इथं येतात. चंदगड आणि कोल्हापूरच्या पाहुण्यांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर, आपल्या कामाचा नाही. घरातल्या जुन्या मंडळाची कागदपत्रंही उतरवू नका. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं त्यांच्यावर मुंबईचे कायदे दिसतात. आपल्याला लागतो कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960, आणि काम होतं सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. तेच संस्थांचे जिल्हा निबंधक असतात. दस्त नोंदवायच्या कार्यालयात जाऊन रांग धरू नका.

सही करणारे किमान सात जण हवेत आणि सगळे अठरा वर्षांवरचे. गटातली हुशार पोरं नेमकी दहावी-बारावीतली असतात. एका गटाचा मुख्यमंत्री सोळा वर्षांचा होता, सगळं त्यानंच उभं केलेलं, आणि त्याचीच सही चालेना. त्याचा चेहरा बघवत नव्हता. अशांनी खेळात खुशाल मुख्यमंत्री राहावं. संस्थेच्या कागदावर मात्र थोरल्या भावंडांची, शिक्षकांची नावं घाला. वय वाढवून लिहू नका, आधार कार्ड सोबत जोडायचंच असतं.

नाव आणि चिन्ह ह्यांत सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. ‘कर्नाटक युवा सरकार’, ‘बेळगाव राज्य विधानसभा’ असली नावं ऐकायला भारदस्त वाटतात, पण बोधचिन्हं व नावांच्या गैरवापराविरुद्धचा 1950 चा कायदा आडवा येतो. सरकारशी संबंध असल्याचा भास होईल असं नाव नोंदवता येत नाही. ‘अभिरूप’, ‘अभ्यास मंडळ’ असे शब्द वापरा आणि दोन-तीन पर्याय तयार ठेवा. लेटरहेडवर गंडभेरुंड, म्हणजे कर्नाटक सरकारच्या चिन्हातला दोन डोक्यांचा पक्षी, घेऊ नका, चार सिंहांची राजमुद्रा तर नकोच नको. तिच्यासाठी 2005 चा वेगळा कायदा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरं म्हणतात, काका, खेळच आहे की. खेळ असला तरी पावतीपुस्तकावर राजमुद्रा छापून वर्गणी मागणं हा खेळ राहत नाही.

ऑनलाइन गटाकडे जो कागद कधीच नसतो तो म्हणजे कार्यालयाच्या जागेचा पुरावा. ‘आमचं ऑफिस नाहीच, सगळं फोनवर चालतं’ हे उत्तर चालत नाही. पत्ता लागतोच आणि तो कर्नाटकातला. कुणाच्या तरी घरची खोली दाखवा आणि घरमालकाचं संमतिपत्र, लाइटबिल व घरपट्टीची पावती जोडा. खेड्यातलं घर असेल तर पंचायतीचा ई-स्वत्तूचा (मिळकतीचा ऑनलाइन) उतारा काढून ठेवा. घर अजून आजोबांच्या नावावर आणि आजोबा हयात नाहीत, हा तर आमच्याकडचा नेहमीचा घोळ. वारसा लागेपर्यंत थांबू नका, दुसऱ्या सदस्याचं घर बघा. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव अधिकृतपणे ‘बेळगावी’ झालं, पण जुन्या कागदांवर ‘बेलगाम’ आहे. नव्या अर्जात सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा.

बाकीचं सरळ आहे : उद्देशपत्र, पोटनियम, कार्यकारिणीची यादी, पहिल्या सभेचा ठराव, सातही जणांची ओळखपत्रं, फी.

भाषेचं सांगतो. मराठीतून कागद मिळावेत ही इथली जुनी मागणी आहे आणि ती माझीही आहे. पण ती तुमच्या अर्जाच्या फायलीत सुटणार नाही. पोटनियम कन्नड किंवा इंग्रजीत द्या, मराठी प्रत सभासदांसाठी ठेवा. भाषांतर फोनवरून करू नका. एकदा ‘खजिनदार’चं काय झालं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नोंदणी झाली म्हणजे संपलं असं नाही. दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि तपासलेले हिशेब दाखल करायचे असतात. मुदत वार्षिक सभेपासून चौदा दिवसांची. लोक ती 31 मार्चपासून मोजतात किंवा सी.ए.च्या सहीपासून. दोन्ही चूक. सभा ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून मोजा, म्हणजे हिशेब सभेच्या आधीच तयार पाहिजेत.

खेळाच्या घटनेवर कुणाचा शिक्का लागत नाही, पण गट फुटतात ते तिच्यामुळं. दोन गोष्टी बघून घ्या. पहिली गणसंख्या, म्हणजे सभेला किमान किती जण हजर हवेत. भारताच्या घटनेतून ‘एक दशांश’ उचलतात. पंचवीस जणांच्या गटात त्याचा अर्थ तीन. रात्री एक वाजता तिघांनी जागून पंतप्रधान बदलल्याचं मी ऐकलंय. राज्यांच्या विधानसभांसाठी कलम 189 म्हणतं : दहा सदस्य किंवा एक दशांश, ह्यांपैकी जे जास्त असेल ते. तो ‘दहा’ पोरं गाळतात. लहान गटानं सरळ निम्मे धरावेत आणि मतदान निदान दोन दिवस उघडं ठेवावं.

दुसरी, जुन्याकडून नव्याकडे जायची तारीख. नवी घटना मंजूर झाली, जुनं मंत्रिमंडळ गेलं, आणि निवडणूक घेणार कोण? खरी घटना 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारली गेली आणि 26 जानेवारी 1950 ला लागू झाली. पण काही कलमं स्वीकारल्याच दिवशी अमलात आली, त्यांत निवडणूक आयोगाचं 324 वं होतं. तुम्हीही तसंच करा. निवडणुकीचा भाग आधी लागू करा, बाकी नंतर. आणि ग्रुपचा ॲडमिन खेळातल्या कुठल्याही पदावर नसावा, हे लिहून ठेवा. हरलेला मुख्यमंत्री ॲडमिन असेल तर अख्खं विरोधी बाक एका बोटानं रिमूव्ह होतं.

शेवटचं, रबरी शिक्का. नाव मंजूर होईपर्यंत करायला टाकू नका. माझ्या खणात असले तीन पडलेत, तिन्हींवर ‘सरकार’ आहे आणि पोरं न्यायला आलेली नाहीत.