व्हीएलडीएलच्या ओळीतला पाचाचा भागाकार

मालवण, देवगडकडच्या लॅबमधून हाती येणाऱ्या लिपिड प्रोफाइलवर पाच-सहा आकडे असले, तरी यंत्राने मोजलेले बहुधा तीनच असतात: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी). व्हीएलडीएलची, म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांतल्या कोलेस्टेरॉलची, ओळ ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून छापलेली असते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि हा भागाकार वजा केला की उरते ते एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल.

ही रीत १९७२ची आहे. त्याआधी एलडीएल जाणून घ्यायचे तर रक्तद्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूज या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात तासन्‌तास फिरवून १.००६ घनतेला वर तरंगणारा व्हीएलडीएलचा थर वेगळा काढावा लागे, आणि असे यंत्र तालुक्याच्या गावी असण्याचा प्रश्नच नव्हता. तीन अमेरिकन संशोधकांनी ४४८ व्यक्तींचे नमुने तपासून व्हीएलडीएलमध्ये ट्रायग्लिसराइडचे वजन कोलेस्टेरॉलच्या साधारण पाचपट असते, असे गृहीत धरले. रक्त उपाशीपोटी घेतलेले असावे आणि ट्रायग्लिसराइड ४००च्या (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर नसावे, या अटी त्यांनीच घातल्या होत्या.

खरा गुंता पाच या आकड्याचा आहे. हा भागाकार व्हीएलडीएलचा नेमका अंदाज देत नाही, हे त्या मूळ निबंधातच मान्य केले होते. एलडीएलच्या मानाने तो भाग लहान असल्यामुळे चूक खपून जाते, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे जो आकडा कर्त्यांनीच कच्चा मानला, तो पुढे रिपोर्टवर स्वतंत्र ओळ आणि स्वतःची ‘नॉर्मल’ मर्यादा घेऊन बसला. शिवाय युक्तिवादाचा पायाही हलला. १९८७नंतर कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या आल्या, एलडीएल पुष्कळ खाली येऊ लागले आणि पूर्वी खपणारी चूक ठळक दिसू लागली.

समजा, गोळ्या चालू असलेल्या एका हृदयरुग्णाचे एकूण कोलेस्टेरॉल १५०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड ३०० आहे. जुन्या रीतीने ३०० भागिले ५ म्हणजे ६०, आणि एलडीएल ५०. हेच तीन आकडे २०२०च्या, ट्रायग्लिसराइड ८००पर्यंत चालणाऱ्या अमेरिकन सूत्रात घातले की उत्तर सुमारे ६३ येते. अतिजोखमीच्या रुग्णासाठी २०१९च्या युरोपीय मार्गदर्शनाने ५५च्या खालचे लक्ष्य दिले आहे. एका सूत्राने हा रुग्ण पास होतो, दुसऱ्याने गोळी वाढते.

मधल्या काळात, २०१३मध्ये, साडेतेरा लाखांच्या आसपास नमुन्यांवरून भाजकांचा १८० चौकटींचा तक्ता तयार झाला. त्यात भाजक पाच असा स्थिर न राहता रुग्णागणिक ३.१ ते ११.९पर्यंत बदलतो. माझ्या मते लॅबनी हा तक्ता किंवा नवे सूत्र कधीच स्वीकारायला हवे होते, कारण त्यासाठी नवे रसायन लागत नाही, फक्त संगणकातले सूत्र बदलावे लागते. ‘डायरेक्ट’, म्हणजे सूत्राऐवजी थेट मोजलेल्या, एलडीएलची चाचणी वेगळी. तिला रसायन लागते, खर्च वाढतो आणि ट्रायग्लिसराइड चढलेले असताना वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटची उत्तरेही जुळत नाहीत.

उपाशीपोटीची अटही सैल झाली आहे. नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही, असे युरोपातील तज्ज्ञांनी २०१६मध्ये सांगितले. तरीही घरची उकड्या तांदळाची पेज झाकून ठेवून, कोरा चहाही न घेता सकाळची पहिली एसटी धरणारे लोक कोकणात आजही लॅबच्या बाकावर दिसतात. त्यांच्या रिपोर्टवर एलडीएलपुढे ‘कॅल्क्युलेटेड’ एवढाच शब्द असतो. कोणत्या सूत्राने, ते लिहिलेले नसते.